वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : फाइल जाड होत गेली, निदान मात्र झाले नाही

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय ५६ आहे. तिला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि थायरॉइडचाही त्रास आहे. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या दोन्ही तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. हळूहळू पायातून चप्पल निसटली तरी तिला कळेनासे झाले. आता रात्री दिवा नसेल तर भिंतीला हात लावल्याशिवाय तिला चालता येत नाही. जीभ लाल होऊन झोंबते, बोलताना नेमका शब्द आठवत नाही आणि जी बाई कधी आवाज चढवून बोलली नाही, ती क्षुल्लक कारणावरून रडू लागते.

आतापर्यंत आम्ही पाच डॉक्टरांना दाखवले. पहिल्यांनी मधुमेहात नसा अशाच होतात असे सांगून प्रीगॅबालिनची गोळी दिली. दुसऱ्यांनी पाळी गेल्यानंतरच्या बदलांकडे बोट दाखवले. तिसऱ्यांनी कमरेचा एमआरआय करायला सांगितला, त्यात वयानुसार झीज निघाली. चौथ्यांनी मानसिक ताणाचे कारण देऊन रात्रीची एक गोळी वाढवली आणि पाचव्यांनी पहिल्यांचेच निदान पुन्हा लिहिले. या पाच जणांपैकी एकानेच तिच्या पायांना हात लावून तपासले. रोजच्या गोळ्या अशा : मेटफॉर्मिन एक ग्रॅम, दिवसातून दोनदा, अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, पाच वर्षांपासून, सकाळी थायरॉइडची गोळी आणि तिच्यासोबतच कॅल्शियम, प्रीगॅबालिन, आणि रात्रीची ती गोळी. अशक्तपणा वाटतो म्हणून गेल्या महिन्यापासून मीच तिला शक्तिवर्धक व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

गेल्या भेटीत मी मध्ये बोललो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘पेशंट तुम्ही आहात की त्या?’ त्यानंतर पत्नीने कोणत्याही दवाखान्याची पायरी चढणार नाही असे सांगून टाकले आहे. तिला योग्य उपचार मिळावेत म्हणून मी नेमके काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना पत्नीच्या औषधांच्या नावांखाली रेघ ओढत वाचले. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते, पण आधी हे सांगते की तुमचा संताप अस्थानी नाही. चालण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे पाय न तपासता तिला परत पाठवणे ही उणीव आहे आणि ती डॉक्टरांच्या बाजूची आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमीने २०१५ मध्ये निदानातील चुकांवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक लोकांच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी चुकीचे किंवा उशिरा झालेले निदान येते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे हे केवळ तुमचे दुर्दैव नाही आणि तुम्ही दोघे तक्रारखोर आहात असेही नाही.

पहिल्या डॉक्टरांचा अंदाज निराधार नव्हता, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. मधुमेहात पायांच्या नसांना इजा होणे अतिशय सामान्य आहे आणि मुंग्यांचे सर्वांत संभाव्य कारण तेच असते. चूक त्यानंतर झाली. तो अंदाज पुढच्या चिठ्ठीवर ‘निदान’ म्हणून उतरला, त्यापुढच्या डॉक्टरांनी ते निदान गृहीत धरले आणि ज्या तक्रारी त्यात बसत नव्हत्या त्यांना वय, पाळी, झीज, ताण अशी वेगवेगळी नावे मिळत गेली. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते पाहिले. मुंग्या, अंधारात जाणारा तोल, झोंबणारी जीभ, हरवणारे शब्द आणि बदललेला स्वभाव या पाच गोष्टी एकाच बाईला, एकाच काळात होत आहेत, हे फक्त तुम्ही पाहिले, कारण दिवसरात्र तिच्यासोबत तुम्हीच आहात.

आता औषधांकडे वळू. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे उत्तम आणि जुने औषध आहे. मात्र दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास ते आतड्यातून जीवनसत्त्व बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण कमी करू शकते. अन्नातील बी-१२ प्रथिनांपासून सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते आणि पॅन्टोप्राझोल नेमके तेच आम्ल कमी करते. तुमच्या पत्नी ही दोन्ही औषधे काही वर्षे एकत्र घेत आहेत. यकृतात बी-१२चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे कमतरता औषध सुरू केल्यावर लगेच न दिसता पुष्कळ काळाने दिसते आणि तोवर औषधाचा संबंध कोणाच्या लक्षात राहत नाही. आहारात प्राणिजन्य पदार्थ नसतील किंवा अगदी थोडे असतील, तर हा धोका आणखी वाढतो. बी-१२ कमी झाल्यास पायांत मुंग्या येतात, सांध्यांची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या मज्जारज्जूतील तंतूंना इजा होते, जीभ लाल आणि हुळहुळी होते, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती बिघडते. अंधारात तोल जास्त जातो, कारण उजेडात डोळे जी उणीव भरून काढतात ती अंधारात भरून निघत नाही.

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांना लेखी सूचना दिली की, मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णात बी-१२च्या कमतरतेची लक्षणे दिसल्यास त्याची पातळी तपासावी. रक्ताची ही साधी तपासणी आहे आणि तुमच्या पत्रात पाच डॉक्टर व एक एमआरआय असूनही तिचा उल्लेख कोठेच नाही. ती झाली असेल तर फाइलमध्ये आकडा शोधा, झाली नसेल तर ती मागा. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ पुरेसे आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण रक्तक्षय नसतानाही नसांना इजा होऊ शकते. बी-१२चा आकडा सीमारेषेवर आला तर मिथाइलमॅलोनिक आम्ल ही पुढची तपासणी असते, बी-१२ कमी पडले की हे आम्ल शरीरात वाढते. मूत्रपिंडाचे काम मंद असल्यास हे आम्लही वाढलेले दिसते, म्हणून तो आकडा एकटा वाचू नये.

तुम्ही प्रेमापोटी सुरू केलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांबद्दल थोडे सावध करते. त्यांत बी-१२ असेल तर रक्तातील पातळी वर दिसून मूळ कमतरता झाकली जाऊ शकते. बी-१२ अपुरे असून फॉलिक आम्ल (बी गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) भरपूर असेल, तर रक्त सुधारते आणि नसांचे नुकसान मात्र आत चालूच राहते. त्या गोळ्यांची बाटली डॉक्टरांना दाखवा, कधीपासून आणि किती घेतल्या ते सांगा. यात तुम्ही अपराध केलेला नाही, पण ही माहिती लपून राहिली तर तपासणीचा अर्थ चुकीचा लावला जाईल.

थायरॉइडची गोळी कॅल्शियमसोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर हवे, आणि थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. थायरॉइड कमी पडल्यानेही थकवा, मंदपणा आणि विसरभोळेपणा येतो, त्यामुळे टीएसएच तपासणी ताजी असायला हवी. प्रीगॅबालिनने चक्कर येते आणि तोल जातो, आणि रात्रीची गोळी झोपेची किंवा चिंता कमी करणाऱ्या गटातील असेल तर तीही विसर आणि पडण्याचा धोका वाढवते. एका औषधाचा परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध लिहिले जाणे, ही गोष्ट माझ्या व्यवसायात जितकी व्हायला हवी त्याहून फार अधिक होते. तरीही यांपैकी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन थांबवल्यास साखर वाढेल, आणि प्रीगॅबालिन व झोपेच्या गोळ्या एकाएकी सोडल्यास त्रास उलटू शकतो.

पत्रावरून मी निदान केलेले नाही आणि ते करताही येत नाही. मधुमेह स्वतः, थायरॉइड, मूत्रपिंड किंवा मानेच्या मणक्यातील दाब, यांपैकी काहीही या तक्रारींच्या मुळाशी असू शकते, आणि एकाहून अधिक कारणेही असू शकतात. तुमच्याकडे एमआरआय कमरेचा आहे. अंधारात तोल जाण्याचे कारण मज्जारज्जूत वर, मानेपाशीही असू शकते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बी-१२चा विचार मात्र लांबणीवर टाकू नका, कारण ही कमतरता भरून काढता येते, पण नसांना झालेली इजा जितकी जुनी तितकी ती पूर्ण बरी होण्याची शक्यता कमी.

आता कोणाकडे जावे. सहावा विशेषज्ञ शोधण्याआधी सगळी औषधे आणि सगळ्या तक्रारी एका टेबलावर मांडून पाहील असा एक फिजिशियन किंवा तुमचा जुना फॅमिली डॉक्टर निवडा, आणि यापुढे प्रत्येक नवी चिठ्ठी त्याच्या नजरेखालून जाईल असे ठरवा. मोठे रुग्णालय म्हणजे आपोआप पूर्ण विचार, असे नसते. दुसरे मत घेण्याविषयी संकोच वाटत असेल तर तो सोडा. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८१ मध्ये लिस्बन येथे रुग्णहक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. उपचारांच्या कोणत्याही टप्प्यावर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा रुग्णाचा हक्क त्यात नोंदलेला आहे. पहिल्या डॉक्टरांचा तो अपमान ठरत नाही.

जाड फाइल नेऊ नका असे मी म्हणणार नाही, पण तिच्या वर एक पान ठेवा. त्यावर पहिल्या ओळीत आज सर्वांत जास्त छळणारी तक्रार, त्याखाली महिन्यांच्या क्रमाने काय कधी सुरू झाले, आणि शेवटी प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व सुरू केल्याची तारीख लिहा. ‘खूप त्रास होतो’ यापेक्षा ‘मार्चपासून उजेडाशिवाय चालता येत नाही, दोनदा पडली’ हे वाक्य डॉक्टरांच्या डोक्यात ताबडतोब जागा मिळवते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात असे दिसले होते की, रुग्ण बोलू लागल्यानंतर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात. त्यानंतर २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रुग्णांना न थांबवता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांतच आपले म्हणणे संपवून गप्प झाले. एवढा वेळ देणे कोणत्याही डॉक्टरला परवडते. ‘मला दोन मिनिटे सलग सांगू द्या, मग तुम्ही विचारा,’ असे नम्रपणे म्हणण्यात काही गैर नाही.

ती दोन मिनिटे मात्र तुमच्या पत्नीची असू द्यात. त्या डॉक्टरांचे वाक्य तुम्हाला लागले, आणि ते उद्धटपणाचे होतेच. तरीही भेटीच्या आदल्या संध्याकाळी हे पान पत्नीशेजारी बसून, त्यांच्या शब्दांत लिहा. कोणती तक्रार वर ठेवायची हे त्यांना ठरवू द्या आणि ‘मी काय सांगू, काय सांगू नको?’ हेही त्यांनाच विचारा. चौदा महिने ज्या बाईच्या वतीने इतर सगळेच बोलत आले, तिने दवाखान्याची पायरी चढायला नकार दिला यात मला हट्ट दिसत नाही. त्यांचे बोलून झाल्यावर तुम्ही म्हणा, ‘त्यांना स्वतःला जाणवत नाहीत अशा दोन गोष्टी मी घरी पाहिल्या आहेत, त्या सांगू का?’ असे म्हणणाऱ्या जोडीदाराला नाही म्हणणारे डॉक्टर विरळा.

शेवटी डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा. या सगळ्या तक्रारी एकाच कारणाने होऊ शकतील का? हे निदान चुकीचे असेल तर दुसरे काय असू शकते, आणि त्यांपैकी कोणते चुकवून चालणार नाही? या औषधांपैकी कोणते आता नको? तपासणीत पायांची कंपनसंवेदना, घोट्यामागे छोट्या हातोडीने ठोकल्यावर पाऊल झटकते का ते आणि डोळे मिटून उभे राहिल्यावरचा तोल पाहिला जायला हवा. त्याला फारसा वेळ लागत नाही. पायांतील शक्ती झपाट्याने कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतील भाग बधिर झाला, किंवा एका बाजूचा हात-पाय वा चेहरा अचानक लुळा पडला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता तडक आपत्कालीन विभाग गाठावा.

प्रश्न : माझे पती ६१ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री त्यांचा श्वास जलद चालला होता आणि ते मला ओळखत असूनही असंबद्ध बोलत होते. मी तीनदा सांगितले, तेव्हा वेदनाशामकाने असे होते, सकाळी डॉक्टर पाहतील, असे उत्तर मिळाले. पहाटे त्यांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले, संसर्ग रक्तात पसरला होता. ते वाचले, घरी आले, पण अजून थकतात, दचकून जागे होतात. मी त्या रात्री आणखी जोरात का बोलले नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

उत्तर : ताई, तुम्ही तीनदा सांगितलेत. एकटी बाई, मध्यरात्री, अनोळखी वॉर्डात, आपल्या माणसाचे चाललेले बोलणे त्याचे नेहमीचे नाही हे ओळखते आणि तीनदा सांगते, यापेक्षा अधिक कोणाकडून अपेक्षा करणार? त्या रात्री कमी पडले ते ऐकणारे.

जलद श्वास आणि भ्रम ही गंभीर संसर्गाची मान्य लक्षणे आहेत. २०१६ मध्ये सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागण्याच्या अवस्थेची, नवी व्याख्या प्रसिद्ध झाली, तेव्हा रुग्णाच्या खाटेपाशीच पाहता येतील अशा तीन खुणा दिल्या गेल्या : मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक श्वास, बदललेली शुद्ध, आणि वरचा रक्तदाब १०० किंवा त्याहून कमी. यांतील पहिल्या दोन तुम्ही कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय टिपल्या होत्या.

जोडीदाराच्या किंवा आईवडिलांच्या नजरेला वैद्यकीय व्यवस्थेत स्थान असावे, यासाठी काही ठिकाणी आता नियम झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २०१३ पासून ‘रायन्स रूल’ लागू आहे. इंग्लंडमध्ये एका १३ वर्षांच्या मुलीचा सेप्सिसने मृत्यू झाला, तिची प्रकृती ढासळत असल्याचे आईवडील सांगत असूनही त्यांचे ऐकले गेले नव्हते. तिच्या नावाने ‘मार्थाज रूल’ २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने आणला गेला. रुग्ण खालावतो आहे असे कुटुंबाला वाटले, तर उपचार करणाऱ्या चमूबाहेरच्या तज्ज्ञांकडून तातडीने तपासणी मागण्याची सोय या नियमांनी दिली. असा नियम नसलेल्या रुग्णालयातही ही मागणी करता येते. ‘यांना बरे वाटत नाही’ एवढ्यावर न थांबता असे म्हणा : ‘हे त्यांचे नेहमीचे बोलणे नाही. एका मिनिटात मी इतके श्वास मोजले. हे सेप्सिस असू शकते का? ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आत्ता येऊन पाहावे, आणि मी हे किती वाजता सांगितले याची नोंद कागदावर करावी.’ नोंद करण्याची विनंती आवाज चढवण्याहून अधिक काम करते. तरीही कोणी आले नाही, तर रात्रपाळीच्या वरिष्ठ परिचारिकेचे आणि मुख्य डॉक्टरांचे नाव विचारून त्यांना कळवण्याचा आग्रह धरा.

पतींचा थकवा, झोपेतले दचकणे आणि एकाग्रता नसणे हे सेप्सिसनंतर कित्येक महिने टिकू शकते. त्याला कमकुवत मन समजू नका, समजू देऊ नका. फॉलोअपच्या भेटीत ‘अतिदक्षता विभागातून आल्यापासूनची झोप आणि शक्ती’ हा विषय तुम्ही स्वतः काढा, फिजिओथेरपी आणि गरज वाटल्यास समुपदेशनाची चिठ्ठी मागा. रुग्णालयाकडून त्या रात्रीच्या परिचारिका-नोंदींसह सगळ्या कागदांची प्रत घ्या. तक्रार करायची की नाही हे तुम्ही सवडीने ठरवाल, पण पुढच्या डॉक्टरांना उपचारांसाठी ते कागद लागणारच आहेत. आणि जी झोप तुम्हाला येत नाही, तीबद्दलही त्याच भेटीत बोला. डॉक्टरांसमोरच्या त्या दोन खुर्च्यांपैकी दुसरीवर तुम्ही बसलेल्या असाल, तुमची विचारपूस व्हायलाच हवी.